भात सोडला आणि जाळ्यात सापडलो

गेल्या हिवाळ्यात मी आनंदी राहायचं ठरवलं, आणि आमच्या घरात रडारड सुरू झाली.

तसा मी काही दुःखी माणूस नव्हतो. सिहोऱ्याच्या शाळेत गणित शिकवतो, त्यामुळे जरा चिडका आहे. पण ते दुःख नव्हे, तो धंदाच तसा आहे. घरात आम्ही चौघं. मी, बायको शालू, बारावीतली लेक नेहा आणि बाबा. आई गेल्यापासून बाबांनी सपरीतली, म्हणजे ओसरीतली, खाट धरली होती. गुडघे दुखतात म्हणून फाटकाच्या बाहेर पाऊल टाकत नसत. दिवसभर बिडी आणि रस्त्यानं जाणाऱ्यांची चौकशी, एवढंच त्यांचं जग.

आमच्या घरात एकमेकांवर माया खूप, पण ती बोलून दाखवायची पद्धत नाही. "जेवला का?" यात आमचं बहुतेक प्रेम मावतं. फारच उतू गेलं तर "अजून घे ना!" त्यापुढे आमच्या सात पिढ्यांत कुणी गेलेलं नाही.

अशात शाळेनं आम्हा मास्तरांना तुमसरला एका शिबिराला धाडलं. विषय होता, रोजचं जगणं निरोगी आणि आनंदी कसं करावं. (मी गेलो कारण जेवणात गुलाबजाम आहेत अशी पक्की खबर होती.) वक्ते नागपूरहून आले होते आणि सतत हसत होते. माइक बंद पडला, हसले. लाइट गेली, अंधारातही दात दिसत होते! ते म्हणाले, "घरच्यांना रोज मिठी मारा. त्यांचं कौतुक करा. भात सोडा. सकाळी पाण्याकाठी बसून खोल श्वास घ्या. आणि आजचा दिवस शेवटचा आहे असं समजून जगा!"

मी सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या. डोळ्यांत पाणीसुद्धा आलं.

एवढ्यावर ते थांबले असते तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण शेवटी बोट वर करून ते म्हणाले, "आणि हो, घरी जाऊन भाषण देऊ नका. सांगू नका, जगून दाखवा!"

मी मास्तर माणूस. सांगितलेलं ऐकायची सवय नाही, पण त्या दिवशी नेमकं ऐकलं.

घरी आलो तेव्हा बाबा खाटेवर बसून बिडी ओढत होते. मी पिशवी खाली ठेवली, सरळ गेलो आणि त्यांना मिठी मारली.

बाबा लाकडासारखे ताठ झाले.

"काय झालं रे? कोन मेला?"

"कोनी नाही बाबा."

"मंग नोकरी गेली का?"

"नाही बाबा. सहज."

"सहज असं कोनी करते का? सोड, बिडी पडली मायी! धोतर जळून राहिलं ना!"

धोतराला खरंच भोक पडलं होतं. मी ते चिमटीत विझवलं, वक्त्यांसारखं हसलो आणि आत गेलो. मागून बाबा बराच वेळ माझ्याकडे पाहत होते. मला वाटलं, गहिवरले.

मग जेवणाची पाळी. शालूनं वांग्याची भाजी वाढली. मी पहिला घास घेतला आणि म्हणालो, "शालू, भाजी अप्रतिम झाली आहे. तुझे मनापासून आभार."

शालूचा हात वाढता वाढता थांबला. "काय झाली आहे?"

"अप्रतिम."

"मीठ टाकाले विसरली मी. आत्ता सांगनारच होती."

"मीठ पदार्थात नसतं, शालू. ते वाढणाऱ्याच्या हातात असतं."

आता मी कबूल केलं पाहिजे की लग्न झाल्यापासून आजवर मिठावरून मी या बाईला किती बोललो असेन त्याचा हिशोब गणिताच्या मास्तरालाही लागणार नाही. तिनं आधी माझ्याकडे बघितलं. मग नेहाकडे बघितलं. नेहानं गाणी ऐकायचं कानातलं यंत्र काढलं. (हे तिनं आपणहून केलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं!)

"बाबा, तुमी असं पुस्तकातल्यासारखं काहून बोलून राहिले?"

"प्रेमाची भाषा शुद्ध असते, बाळ."

'बाळ' म्हटल्यावर ती पोरगी घाबरली. आमच्या घरात तिला एरवी 'ए पोरी' म्हणतात.

तेवढ्यात शालूनं भात पुढे केला. नुकतंच धान घरात आलं होतं. आपल्याच बांधीतला, धानाच्या शेतातला नवा तांदूळ, चुलीवरचा, वाफ निघत होती आणि वासानंच माणूस पाघळावा. मी हात आडवा धरला.

"नको. भात मी सोडला."

सिहोऱ्यात माणूस घर सोडतो, पार्टी सोडतो, एखादा बायकोही सोडतो. भात कुणी सोडत नाही! बाबांनी हातातला घास ताटात परत ठेवला.

"सोडला म्हंजे?"

"म्हणजे आता मोह नको, बाबा. आजचा दिवस शेवटचा समजून जगायचं."

 बाबांना त्यानंतर जेवण गेलं नाही. शालू पाणी आणायला म्हणून आत गेली आणि बराच वेळ आलीच नाही. मी मात्र चार पोळ्या खाल्ल्या. वातावरण कसं शांत झालंय, असं मनात म्हटलं. पहिल्याच दिवशी एवढा परिणाम!

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी तलावाच्या पाळीवर, बांधावर, जाऊन बसलो. मांडी घातली, डोळे मिटले आणि खोल श्वास घेऊन तोंडानं सोडायला लागलो. आमच्या तलावात गावातले ढिवर मासे धरतात. त्यातला फागू माझ्या ओळखीचा, बाबांचा जुना दोस्त. तो आपली छोटी होडी, डोंगा, घेऊन निघाला होता. त्याला वाटलं म्हशीला धाप लागली. जवळ येऊन पाहतो तर मी!

"गुरुजी, काही हरपलं का?"

मी डोळे न उघडता म्हणालो, "हो फागूकाका. स्वतःला शोधतोय."

फागूनं तलावाकडे पाहिलं. "पान्यात?"

"पाण्यातच सापडेल असं वाटतं."

फागूनं त्या दिवशी जाळं टाकलंच नाही. सरळ आमच्या घरी गेला आणि बाबांच्या कानाशी लागला. हे मला पुष्कळ नंतर कळलं. या गोष्टीतलं सगळंच मला पुष्कळ नंतर कळलं.

वक्त्यांनी एकदा सगळी तपासणी करून घ्या असंही सांगितलं होतं. म्हणून मी एका सुट्टीच्या दिवशी, कुणाला न सांगता, तुमसरला डॉक्टरांकडे गेलो. रक्त दिलं, छातीला वायरी लावून घेतल्या. बाकावर नंबर यायची वाट बघताना डोळे मिटून श्वास सोडत बसलो होतो. आणि नेमकी तिथे आमच्या शेजारची शेवंताबाई! ती नातवाचा खोकला दाखवायला आली होती. तिनं मला हाक मारली नाही. तिनं मला डोळे भरून पाहून घेतलं आणि मी एसटीत बसायच्या आधी बातमी सिहोऱ्यात पोचवली.

मी घरी पोचलो तर शालू दारातच उभी.

"कुठी गेल्ते?"

खोटं बोलायचं नव्हतं. आनंदी माणूस खोटं बोलत नाही. "डॉक्टरकडे."

"मंग? काय म्हनले डॉक्टर?"

डॉक्टर म्हणाले होते, तब्येत उत्तम आहे, गोळ्याबिळ्या काही नकोत, घरी जा. तेच मी, शिबिरात शिकवलेलं ते मंद हसू चेहऱ्यावर आणून, जमेल तितक्या सुंदर शब्दांत सांगितलं.

"डॉक्टर म्हणाले, आता काहीही करायची गरज नाही. घरी जा, आणि घरच्यांसोबत आनंदात राहा."

शालूनं दाराची चौकट धरली.

"काहीच नाही? नागपूरले नेलं तरी नाही?"

"आता नागपूर काय आणि मुंबई काय, शालू!" मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. (भर दारात! समोरच्या घरातल्या बायका बघत असताना!) "जे आहे ते आपल्या आतच आहे."

ती पदर तोंडाला लावून आत पळाली. मला वाटलं, लाजली.

त्या संध्याकाळी नेहानं मोबाइलवर शोध घेतला. माणूस अचानक प्रेमळ झाला, शुद्ध बोलायला लागला, त्याला मिठाची चव कळेनाशी झाली, तर काय समजावं? मोबाइल तयारच होता. डोक्यात गाठ! पोरीनं ते शालूला दाखवलं, शालूनं बाबांना सांगितलं, आणि तिघांनी मिळून ठरवलं की ह्यानं आपल्याला कळू दिलं नाही, तर आपणही ह्याला कळू द्यायचं नाही. जेवढे दिवस आहेत तेवढे ह्याला सुखात ठेवायचं.

आणि सांगतो, काय ते सुख!

सकाळी उठायच्या आत चहा उशाशी. टीव्हीचा रिमोट माझ्या हातात. नेहा शेजारी बसून बातम्या बघायची, तेही कुरकुर न करता. शालू रोज विचारायची, "आज काय खाल, सांगा ना." भात सोडला होता म्हणून तिनं तुपातल्या सुवाऱ्या, म्हणजे मोठ्या पुऱ्या, केल्या, वडे केले, करंज्या केल्या. भजी तर रोजच! पुरणपोळी सणाशिवाय आमच्याकडे होत नाही, ती साध्या मंगळवारी झाली. मी दुसरी मागितली तर तिनं तिसरीही वाढली आणि तोंड फिरवलं. बाबांनी तर बिडी सोडली. मी विचारलं तर म्हणाले, "काही नाही, देवाले बोललो हाये." कशासाठी, ते सांगेनात.

मी शाळेत छाती पुढे काढून फिरायला लागलो. सहकाऱ्यांना सांगायचो, "अरे, घर बदलायचं तर आधी स्वतः बदला! माझ्या घरी येऊन बघा. एक भांडण नाही!"

एकदा संध्याकाळी बाबांनी मला खाटेवर शेजारी बसवलं. बराच वेळ गोधडीचा धागा ओढत राहिले.

"पभाकर, तुले कुठी जायाची इच्छा हाये का रे? काशी गिशी?"

"बाहेर कुठेच नाही, बाबा. आता मला आत जायचंय."

बाबांनी गोधडी बाजूला सारली आणि म्हणाले, "जेवला का?"

"जेवलो."

"अजून घे ना थोडं."

मी घेतलं.

मग शनिवारी लाखांदूरच्या एसटीनं माझा साळा आला. दिनकर. त्याची माझी बोलचाल एका लग्नातल्या भांडणापासून बंद होती. (भांडणाचं कारण: जेवताना माझ्या ताटात त्यानं रस्सा वाढला आणि मटणाचा तुकडा पुढच्याला दिला. मी ते विसरू शकत नव्हतो.) तो आला, सोबत त्याची बायको, माझ्या सासूबाई, एक मावससासरे आणि पायाला दोरी बांधलेला एक कोंबडा. दिनकरनं आल्याबरोबर माझे पायच धरले.

"भावजी, माफ करा. चूक मायीच होती. तो तुकडा तुमचाच होता."

मी गहिवरलो. त्याला उठवलं, मिठी मारली. आनंदी माणसाकडे जग आपोआप ओढलं जातं, असं शिबिरात म्हणालेच होते! सासूबाई माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "रंग तं चांगला दिसते जावयाचा. कोनी म्हननार नाही." मी म्हणालो, "सगळी भजी, मामी." त्या रडायला लागल्या. मावससासऱ्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाले, "आमच्या गावच्या पाटलाचंबी असंच झालं होतं. शेवटपर्यंत खाल्लं बिचाऱ्यानं."

मी विचारलं, "मग काय झालं त्यांचं?"

दिनकरनं त्यांना कोपरानं ढोसलं. "मावसाजी, कोंबडा सुटला पाहा."

कोंबडा सुटला नव्हता. पण मला त्यातही काही खटकलं नाही. माणूस आनंदाच्या मागे लागला की त्याला समोरचा कोंबडाही दिसत नाही.

रविवारी सकाळी पाहुणे झोपेत असताना मी तलावावर निघालो. त्या दिवशी नवा प्रयोग करायचा होता. शिबिरात सांगितलं होतं, अधूनमधून अनवाणी पायानं माती आणि पाण्याला भेटा, अंगातला सगळा ताण उतरतो. मी पाळीवर बूट काढले, नीट जोडून ठेवले. त्यावर मोजे. चष्मा, घड्याळ आणि मोबाइल रुमालात गुंडाळून बाजूला. (ओलं व्हायला नको म्हणून. माझ्या मनात याहून जास्त काही असल्याची एक टक्काही शंका नको!) मग सूर्याकडे तोंड करून दोन्ही हात वर केले, नमस्कार केला आणि हळूहळू पाण्यात उतरलो.

हे सगळं फागूनं डोंग्यातून पाहिलं. रोज सकाळी तो आणि त्याचे दोन भाऊ माझ्यावर पाळत ठेवून होते, बाबांनीच सांगितलं होतं तसं.

"गुरुजीऽऽ!" तिकडून आरोळी आली. "मांगं फिरा!"

चष्म्याविना मला तो दिसला नाही. मला वाटलं, रामराम करतोय. मी हात हलवला आणि पुढे गेलो.

"निरोप घेऊन राहिला रे! धावा!"

तलावाच्या तळाशी गाळ असतो हे आमच्या गावात शेंबडं पोर सांगेल. मला ते तिसऱ्या पावलाला कळलं. डावा पाय गुडघ्यापर्यंत गेला. तो काढायला उजव्यावर जोर दिला, उजवा मांडीपर्यंत गेला. शिंगाड्याचे वेल पायांत अडकले आणि मी बसलो. म्हणजे बसायचं नव्हतं, पण तलावानं बसवलं. पाणी गळ्याला लागलं आणि इतके दिवस मोठ्या मेहनतीनं सांभाळलेली माझी शुद्ध भाषा क्षणात बुडाली.

"फागूकाकाऽऽ! अबे धाव ना बे! फसलो ना मी!"

फागूला त्यातलं फक्त "धाव" ऐकू आलं असावं. डोंगा यायला वेळ लागला असता, म्हणून त्यानं उभ्या उभ्या हातातलं जाळं फिरवलं आणि फेकलं. आयुष्यभर मासे धरलेला हात तो! जाळं असं गोल उघडलं आणि बरोब्बर माझ्या डोक्यावरून खाली उतरलं. डोंगा पाळीला लावून तिन्ही भावांनी ओढायला सुरुवात केली. मी ओरडत होतो, "दोर नोको ओढू, पाय ओढा!" ते ओरडत होते, "गुरुजी, असं नाही करू! पोरगी हाये घरी! सगळं होते बरोबर!" मी म्हणालो, "काय होते बरोबर? नाकात गाळ चाल्ला माया!" त्यांनी मला तोंडावर, पाठीवर, कुशीवर, जसा येईन तसा पाळीपर्यंत फरफटत आणला. जाळ्यात माझ्यासोबत शिंगाड्याचा वेल होता, मूठभर झिंगे होते आणि एक चांगला हातभर मरळ होता, जो माझ्या सदऱ्यात शिरून मला सारखा गुदगुल्या करत होता. म्हणून मी हसत होतो.

मी हसतोय हे पाहून फागूचा धाकटा भाऊ रडायला लागला. "गाठ वर चढली रे दादा, डोक्यात!"

तोवर कुणीतरी घरी खबर दिली होती. आधी दिनकर आला, एका पायात चप्पल. मागून शालू आणि नेहा, मागून सासूबाई, मावससासरे आणि अर्धा मोहल्ला. आणि त्या सगळ्यांना मागे टाकत, गर्दी बाजूला सारत, एक माणूस धोतराचा सोगा हातात धरून पाळीवरून धावत येत होता. ते बाबा होते.

वर्षभर फाटकाबाहेर न पडलेले बाबा!

ते माझ्यापाशी येऊन धपकन चिखलात बसले. जाळ्याच्या भोकातून हात घालून माझ्या तोंडावरचा गाळ पुसायला लागले. कान पुसले, नाक पुसलं. मी लहान असताना बांधीतून आल्यावर पुसायचे, तसंच.

"असं नाही करू रे पोरा," ते म्हणत होते. त्यांचा आवाज मला ओळखू येत नव्हता. "गाठ असो का काही असो. मी शेत ईकतो, मी तुले मुंबईले नेतो. पर मायाआंदी नाही जायाचं. तुयी माय गेली, तं गेली. तू नाही."

मी जाळ्यातून मान वर केली. "कोनती गाठ, बाबा?"

"डोक्शातली."

"कोनाच्या?"

"तुया!"

"माया डोक्शात?"

"मंग कोनाच्या? फागूच्या?"

सगळी पाळ जाळ्याभोवती वाकली. सदऱ्यातला मरळ अजून फडफडत होता. मग मी, जाळ्यात बसल्या बसल्या, सगळं सांगितलं. शिबिर, मिठी, मीठ, भात, शेवटचा दिवस, डॉक्टर. तब्येत उत्तम आहे असं डॉक्टर म्हणाले, हेही, या वेळी अगदी साध्या शब्दांत.

पहिल्यांदा शालू बोलली. आवाज शांत होता, म्हणून मला जास्त भीती वाटली.

"म्हंजे तुमाले काही झालं नाही."

"नाही."

"तुमी आनंदी होऊन राहिले होते."

"होय."

"मंग मले सांगता नाही आलं? 'शालू, मी आनंदी होऊन राहिलो,' येवढं तोंडातून नाही निंघालं? मी रोज देवघरात डोकं आपटून राहिली, आन तुमी भजी खाऊन राहिले!" आणि ती तिथेच पाळीवर बसून ढसाढसा रडली. मग रडता रडता हसायला लागली. मग पुन्हा रागावली. तिला पाणी द्यायला मी उठू पाहिलं, पण जाळ्यात होतो.

नेहा म्हणाली, "बाबा, मले 'बाळ' म्हनू नोका यापुढं. ए पोरीच म्हना."

दिनकर वेगळ्याच विचारात होता. "म्हंजे भावजी, मी कायले माफी मागतली? तो तुकडा मी मुद्दामच नव्हता दिला!"

मावससासरे तर साफ नाराज झाले. एवढा प्रवास करून माणूस ठणठणीत निघाला, याचं त्यांना वाईट वाटलेलं स्पष्ट दिसत होतं.

आणि बाबा? बाबा आधी माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतायत. मी जाळ्यातून हात काढून त्यांचा हात धरला, तर ते हसत होते! पोट धरून, डोळ्यांतून पाणी गळेस्तोवर. "फागू," ते कसेबसे म्हणाले, "आज मोठी मासोळी गावली तुले! पर ईकू नोको, कोनी घेनार नाही!" आई गेल्यापासून बाबांना मी असं हसताना पाहिलं नव्हतं. त्यांचं हसणं पाहून शालू हसली, शालूला पाहून फागू, आणि मग सगळी पाळ. शिबिरातल्या वक्त्यांना जे दिवसभरात जमलं नव्हतं ते माझ्या सदऱ्यातल्या मरळानं करून दाखवलं.

त्या दुपारी आमच्या अंगणात मोठी पंगत बसली. कोंबडा वाचला, कारण मरळाचा रस्सा झाला. फागू, त्याचे भाऊ, पाहुणे, शेजारी, सगळे होते. शेवंताबाईला तर मुद्दाम बोलावलं, आणि ती कसलीही लाज न बाळगता आली. शालूनं माझ्या ताटात भाताचा डोंगर ओतला. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "सोडून पाहा!" मी सोडला नाही. रस्सा थोडा खारट झाला होता. मी तसं सांगितलं. ती म्हणाली, "झाला असन." आणि मला वाटलं, चला, माझं घर मला परत मिळालं.

त्यानंतर आमच्याकडे थोडं थोडं बदललं. फार नाही. रात्रीचं जेवण आता सगळे एकत्र जेवतात, आणि त्या वेळी मोबाइल फळीवर असतो. भात मी खातो, पण दोनदाच वाढून घेतो. बाबांनी बिडी सोडली ती सोडलीच. "देवानं त्याचं काम केलं, आता मायी पाळी," असं म्हणतात. मुख्य म्हणजे ते रोज सकाळी पायी तलावावर जातात. गुडघे दुखतात, पण फागूसोबत चहा प्यायचा असतो. मी त्यांच्याबरोबर जातो. मला पाण्याच्या बाजूनं चालू देत नाहीत. आणि कुणाच्या मनात काही आलं तर आम्ही विचारतो. "काहून गप हाये?" असं सरळ. उत्तर येतंच असं नाही. पण विचारतो.

त्या पंगतीनंतर आठवडाभरात आमच्या आशाताई घरोघरी तपासणी करत आल्या. सगळ्यांना ओळीनं काट्यावर उभं केलं. शालूचं वजन उतरलेलं. नेहाचं उतरलेलं. बाबांचं तर चांगलंच उतरलेलं. आशाताई काळजीत पडल्या. "बापा! घरात कोनी खूप आजारी होतं का?"

तिघांनी एकदम माझ्याकडे बोट दाखवलं.

मी काट्यावर चढलो. आशाताईंनी काटा पाहिला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला, आणि मग माझ्या पोटाकडे बघत म्हणाल्या, "गुरुजी, हा आजार कुठी भेटते? मायावाल्या नवऱ्याले पायजे होता, लय वाळून राहिला!"